व्याही उतरले आणि गाडी चढली

प्रारंभीच स्पष्ट करते: तुळजापूरच्या घाटात जे घडले ते मी पाहिलेले नाही. गॅरेजमध्ये किस्से जुन्या प्लगांसारखे साठत जातात. निकामी झाले तरी कुणी टाकत नाही, आणि हाताळणारा प्रत्येकजण त्यांना थोडे घासून चकचकीत करतो. म्हणून मेकॅनिकलची पदवी घेऊन कळंबला वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, गॅरेजमध्ये कामाला लागल्यापासून मी एक शिस्त पाळते. ऐकलेले वेगळे, पाहिलेले वेगळे.

ऐकलेले असे. आप्पांचे मित्र बप्पा यांनी टर्बो इंजिनाची पेट्रोल गाडी घेतली. तामलवाडीच्या व्याह्यांना शेजारी बसवून ते घाट चढत होते. निम्म्या घाटात गाडीने दम सोडला. बप्पा नम्रपणे म्हणाले, "व्याही, जरा उतरता का?" व्याही देहाने भरभक्कम आहेत. ते उतरले, आणि गाडी चढली.

चढली नसती तर बरे झाले असते, असे बप्पा आजही म्हणतात.

व्याही उरलेला घाट पायी चढले. (ही बप्पांची आवृत्ती. व्याह्यांच्या आवृत्तीत ऊन जास्त आहे.) वर पोचल्यावर त्यांनी निकाल दिला, "सूनबाईला या गाडीतनं धाडणार न्हाय." सूनबाई म्हणजे बप्पांची एकुलती एक लेक, रेखा. पहिलटकरीण. डोहाळजेवण उरकले की तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचे होते. दुसरी गाडी करा, असे आप्पांनी सुचवले. बप्पा म्हणाले, "लेक भाड्याच्या गाडीतनं आणायची, तर ही काय दारात शोभेला बांधलीय?"

*

आमच्याकडे गिऱ्हाईक लक्षण सांगत नाही, निदान सांगते. बप्पांनी गाडीबरोबर तीन निदाने आणली. लोहाऱ्याच्या एका मिस्त्रीच्या मते पेट्रोलमध्ये पाणी होते. चुलतभावाच्या मते टर्बो काढूनच टाकावा, कारण आपल्या रस्त्यांवर त्याला वाव नाही. स्वतः बप्पांच्या मते दृष्ट लागली होती.

मी म्हटले, निदान राहू द्या, गाडी नेमके काय करते तेवढे सांगा.

"उभी असली की थरथरती, अन् चढ आला की जीव सोडती. आमच्या म्हशीला ज्वर आला व्हता, तवा डिट्टो."

म्हशीवर काय उपाय केला होता, असे मी विचारले.

"इकली."

*

इंजिन उभ्या जागी किती थरथरते हे मोजण्याची आप्पांची स्वतःची पद्धत आहे. चालू गाडीच्या बॉनेटवर ते चहाचा भरलेला ग्लास ठेवतात. चहा नुसता हलला तर प्लग, काठावरून सांडला तर काहीतरी मोठे. मी आक्षेप घेतला की ग्लास दरवेळी सारखाच भरलेला असल्याखेरीज या मापाला अर्थ नाही. आप्पांना ते पटले. त्यांनी हॉटेलवाल्याला बोलावून काठापासून एक बोट खाली अशी खूण ठरवून दिली. तेव्हापासून गॅरेजमध्ये येणारा सगळाच चहा एक बोट कमी येतो.

बप्पांच्या गाडीवरचा ग्लास सरकत सरकत काचेच्या वायपरपर्यंत गेला.

*

मी स्कॅनर लावला. इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, असे त्याचे म्हणणे पडले. मी बप्पांना समजावले. आत जाणारी हवा एक सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडले जाते. त्याच्या पुढे कुठेतरी नळीला भोक असणार. गाडी उभी असताना त्या भोकातून न मोजलेली हवा आत शिरते, म्हणून थरथर. चढावर टर्बो हवा दाबून भरतो, तेव्हा ती तिथूनच बाहेर निसटते, म्हणून ताकद नाही.

बप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "फुकटची हवा येतीया, तर येऊ द्या की, ताई."

*

भोक शोधण्यासाठी नळ्यांमध्ये धूर सोडायचा असतो. जिथून धूर बाहेर येईल तिथे दोष. त्याचे यंत्र मिळते, आमच्याकडे नाही. आप्पांनी घरातून धुपाटणे आणले, निखाऱ्यांवर ऊद टाकला आणि हवा मारण्याच्या पंख्याने तो धूर इंजिनात सोडला. मी तत्त्वतः काहीच चुकीचे दाखवू शकले नाही.

उदाचा वास येताच बप्पांनी चपला काढल्या आणि हात जोडले. "बरं केलं. भोक बी घावंल अन् दृष्ट बी निघंल."

भोक खरोखर सापडले. इंजिनाला चिकटलेल्या रबरी नळीच्या मागून धूर येत होता. नळी उंदरांनी कुरतडली होती. शेजारच्या खोबणीत हिरव्या खणाची एक गाठोडी होती. तिच्यात तांदूळ, हळकुंड आणि खाऊन अर्धा केलेला नारळ. उंदीर नळीसाठी आले नव्हते. ते जेवायला आले होते.

*

बप्पांनी तिथूनच काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"व्हय, मीच भरली ओटी," काकू म्हणाल्या. "नवीकोरी गाडी, लक्ष्मी म्हणून घरात आली. बिगर ओटीची कशी जाऊ द्यायची दारातनं?"

पण इंजिनात का, असे मी विचारले.

"मग ओटी काय डोक्यावर भरत्यात? पोटापाशीच भरत्यात की, ताई."

नळी बदलली. ग्लास जागचा हलेना. काकूंनी आई भवानीची शपथ घेतली की यापुढे गाडीला फक्त हळदकुंकू.

*

इथून पुढचे मी स्वतः पाहिलेले आहे. व्याह्यांनी अट घातली होती की जिने गाडी दुरुस्त केली तिनेही सोबत यावे. सकाळी निघताना मी बॉनेट उघडले, सगळे तपासले आणि माझ्या हाताने बंद केले. आत ओटी नव्हती.

तामलवाडीत डोहाळजेवण झाले. गाडी अंगणात कुलूप लावून उभी होती. निघताना व्याही म्हणाले, "आधी मी बसतो. चढली, तर लेक तुमची." ते पुढे बप्पांशेजारी बसले. काकू आणि मी मागे, रेखा मधोमध. काकूंनी डोळे मिटून घेतले. ज्या वळणावर व्याह्यांना उतरावे लागले होते तिथे गाडी जराही न कचरता वर गेली. व्याह्यांनी खिडकीतून त्या जागेकडे पाहिले. तुळजापुरात उतरून त्यांनी परतीची एसटी धरली.

रेखा माहेरी पोचली. आप्पाही तिथे येऊन थांबले होते. काकूंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बप्पांना शेजाऱ्यांना नवी नळी दाखवायची हौस आली. त्यांनी बॉनेट उघडले आणि मला हाक मारली.

नळीशेजारच्या त्याच खोबणीत लाल खणाची नवी गाठोडी होती. तांदूळ, हळकुंड, अख्खा नारळ.

सगळ्यांनी काकूंकडे पाहिले. काकूंनी पुन्हा शपथ घेतली. असला खण आपल्या घरात नाही, हे त्यांनी ट्रंक उघडून दाखवले. रेखा म्हणाली, सासरीही नाही. आप्पांनी गाठोडी काढायला हात घातला, तसा काकूंनी तो धरला.

"कुणी का भरंना. भरल्या ओटीला हात लावायचा न्हाय."

किल्ली दिवसभर बप्पांच्या खिशात होती, आणि बप्पा माझ्या नजरेसमोर. बॉनेट उघडण्याचा खटका कुलूपबंद गाडीच्या आत आहे.