लिंबोणीवरची करणी

हसायचं नाही अशी शपथ घालण्यात काही अर्थ नाही, तुम्ही हसणारच आहात. फक्त तोंडातला चहा आधी गिळून घ्या, मग ऐका. कारण आयुष्यात मी जेवढं शहाणपण केलं, त्यातलं हे सगळ्यात मोठं. आणि तेसुद्धा भर दुपारी, पूर्ण शुद्धीत!

तेव्हाची डोंबिवली तुम्ही बघितलेली नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की चार घरं, मग भाताची खाचरं, मग पुन्हा चार घरं. आम्ही त्या दुसऱ्या चार घरांतले. कौलारू घर, पुढे ओटी, ओटीला लागून अंगण, विहीर आणि एक लिंबोणी. उन्हाळ्यात त्या अंगणात आमच्यापेक्षा बाकीच्यांचाच राबता जास्त. खारी काय, सरडे काय, सकाळपासून भांडत बसणारे सातभाई काय! एक मुंगूस तर रोज दुपारी अंगण ओलांडून असं ऐटीत जायचं, जणू घर त्याच्याच नावावर आहे.

माझं नुकतंच लग्न झालेलं. माहेरून येताना मी दोन गोष्टी घेऊन आले होते. एक हातमशीन आणि दुसरं ठाण्याच्या शिवणक्लासातलं सर्टिफिकेट. पहिला नंबर होता माझा, काय समजलात! ते सर्टिफिकेट मी काचेत बसवून देवांच्या तसबिरींशेजारी लावलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "देवांना हात जोडले की तुझ्या सर्टिफिकेटालाही आपोआप जोडले जातात गो!"

एक घमेंड मात्र होती मला. टाका बघून बाई ओळखायची. लग्नाला गेले तर नवरानवरी राहिली बाजूला, माझं लक्ष करवलीच्या पोलक्याच्या मुंढ्याकडे, बाही खांद्याला जोडतात तिथे. आणि घरी आल्यावर हे पोलकं कोणी शिवलं असेल ते छातीठोकपणे सांगायची. खरं निघायचं की नाही ते विचारू नका, कुणी तपासायलाच जात नसे.

तर त्या वैशाखात माझ्या धाकट्या नणंदेचं, शालूचं, लग्न जमत आलं होतं. मुलगा ठाण्याचा, नौपाड्यातला. तो आणि त्याचा मामा येऊन शालूला बघून गेले होते, पसंतीही कळवली होती. राहिली होती फक्त मुलाची आई. रविवारी त्या स्वतः येणार आणि शेवटचा शब्द देणार. शालूला मुलगा मनापासून आवडला होता. तोंडानं बोलली नव्हती, पण आठवडाभर प्रत्येक आमटीत मीठ दोनदा पडत होतं, त्यावरून कळायचं ते आम्हाला कळलं होतं.

आमच्या शेजारी ताराकाकू राहायच्या. मशीन नव्हतं त्यांच्याकडे, पण हातशिलाई अशी, की टाका शोधायला भिंग लागावं. शालूचं कळल्याबरोबर त्यांनी एक छानसा खण काढला आणि तिला हातानं पोलकं शिवून दिलं. "रविवारी हेच घाल हं," म्हणाल्या. आम्हाला जरा चुटपुट लागली, कारण ह्याच मुलासाठी आधी काकूंच्या मुलीचं, विमलचं, बघितलं होतं आणि ते काही जमलं नव्हतं. ते आम्हाला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक आहे हे काकूंनाही ठाऊक होतं, पण त्याविषयी कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

आणि शुक्रवारी दुपारी मी सरबतासाठी लिंबू तोडायला गेले.

हात वर केला तर पानांआड काहीतरी लोंबताना दिसलं. नीट बघितलं. दोन-तीन पानं एकमेकांना शिवलेली होती. चिकटलेली नाही हो, शिवलेली! लाल दोऱ्यानं! वरच्या तोंडातून कापूस डोकावत होता आणि कापसात गुंतलेले पांढरे केस!

आता तुम्हीच सांगा. लिंबाचं झाड, लाल दोरा, माणसाचे केस आणि घरात मुलीचं लग्न ठरतंय. त्या काळी दुसरं काय मनात येणार?

त्यात एक अंगठ्याएवढं पाखरू शेजारच्या फांदीवर शेपटी उभारून नुसता थयथयाट करत होतं. ह्या फांदीवरून त्या फांदीवर, त्या फांदीवरून ह्या फांदीवर, आणि आवाज तर त्याच्या अंगाच्या दसपट. मी त्याला म्हटलं, "हो रे बाबा, बघितलं मी. बरं झालं सांगितलंस!"

धावत घरात गेले. "सासूबाई, करणी!"

"कुठे?"

"लिंबोणीवर!"

सासूबाई आल्या, डोळ्यांवर हात धरून लांबूनच बघितलं आणि मटकन पायरीवर बसल्या. "माझ्या शालूच्या वाईटावर कोण गो उठलं?"

इथे माझ्या अंगात सर्टिफिकेट संचारलं. मी दोन पावलं पुढे झाले, मान वाकडी करून टाके तपासले. सारख्या अंतरावर, दोरा कुठे ओढलेला नाही, सैल नाही, पानाला चुणी म्हणून नाही. एवढी सफाईदार हातशिलाई डोंबिवलीत करणारी एकच बाई होती.

"हा हात ताराकाकूंचा," मी जाहीर केलं.

"भलतंच काय!"

"भलतंच काय नाही. लाल रीळ मीच दिलं होतं त्यांना गेल्या आठवड्यात. आणि केस बघा, पांढरे!"

पांढरे केस सासूबाईंचेही होते. पण घरचं माणूस घरावर कशाला करणी करेल? तेव्हा त्या मुद्द्याचा मी विचारच केला नाही.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "विमलचं मनाला लागलं असेल गो तिच्या." झालं! दोघींची खात्री पटली.

शनिवारी आमचे हे ऑफिसातून अर्ध्या दिवसानं घरी आले. सगळं ऐकून खोखो हसले. "अगं, शिकलेली ना तू? करणीबिरणी काही नसतं."

"मग टाका काढून."

"काढतो की!" म्हणाले. चष्मा लावला, बाह्या सारल्या, लिंबोणीपर्यंत ताठ चालत गेले. वर बघितलं. बराच वेळ बघितलं. परत आले आणि म्हणाले, "आज शनिवार आहे. उद्या बघू."

आणि मग मला पोलक्याची आठवण झाली.

काकूंनी शिवलेलं पोलकं! त्याच हातानं, बहुतेक त्याच सुईनं! ते अंगात घालून शालू मुलाच्या आईसमोर जाणार? छे! पण टाकून तरी कसं द्यावं? तेव्हा कापडाचा काय तुटवडा होता, असा दुसरा खण आणायचा कुठून? मी म्हटलं, दोष खणात नाही, दोऱ्यात आहे. दोरा काढून टाकायचा.

बसले उसवायला. आणि सांगते, ते पोलकं उसवताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. इतकं देखणं काम! शालू शेजारी बसून कुरकुरत होती. "वहिनी, काकू असं नाही करणार गं."

"तू लहान आहेस. तुला जग ठाऊक नाही," मी तिला सुनावलं. मी स्वतः तिच्याहून तीन वर्षांनी मोठी!

दोऱ्याचा कण न कण काढला, तुकडे मिठाच्या पाण्यातून काढले, वाळवले आणि रविवारी सकाळी मशीनवर बसले. पाहुणे दुपारी यायचे. सासूबाई एकीकडे ओरडताहेत, "पोहे भिजवलेस का?" दुसरीकडे बाहेर ते पाखरू किंचाळतंय. आणि मी हँडल गरागरा फिरवतेय. शेवटची टीप मारली, शालूच्या हातात पोलकं दिलं आणि पदर खोचून पोह्यांकडे धावले.

करणी मात्र झाडावरच होती. ह्यांना रविवारीही तिला हात लावायला काहीतरी आडवं येत होतं. शेवटी मी एक धुतलेली चादर लिंबोणीवर वाळत घातल्यासारखी पसरून दिली. म्हटलं, दिसायलाच नको.

पाहुणे आले. मुलगा आणि त्याची आई. बाई मोठ्या भारदस्त, नऊवारी, हातात पंखा. ओटीवर बसल्या. तेवढ्यात ताराकाकूही आल्या, हसतमुखानं, करवंदांचा द्रोण घेऊन. मी द्रोण चिमटीत धरला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला. सासूबाईंनी काकूंकडे बघणंच टाळलं. काकू बिचाऱ्या गोंधळून खांबाशी टेकून उभ्या राहिल्या.

मग शालू आली, सरबताचा ट्रे घेऊन.

काय सांगू! दोन्ही हात कोपरापासून ताठ. खांदे कानांपर्यंत चढलेले. पावलं टाकतेय ती कवायतीतल्या शिपायासारखी. ट्रे पुढे करायचा तर हात पुढे जाईनात, म्हणून पोरगी अख्खीच्या अख्खी पुढे झुकली. मुलाच्या आईनं पंखा थांबवला.

"बस गं बाळ," त्या म्हणाल्या. "नमस्कार नको, राहू दे."

पण आमची शालू संस्कारांची पक्की. वाकली. आणि 'टर्र' असा आवाज अख्ख्या ओटीला ऐकू गेला. नमस्कारातून ती तशीच उठली, एक हात अर्धा हवेत अडकलेला.

मुलाच्या आईचा चेहरा गंभीर झाला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मुलीच्या हातांत काही... दोष आहे का? आधीच सांगितलेलं बरं असतं."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक. शालूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे माझ्याकडे बघताहेत, मी जमिनीकडे बघतेय. जमत आलेलं लग्न माझ्या डोळ्यांदेखत निघालं होतं ठाण्याला परत.

तेवढ्यात ताराकाकू पुढे झाल्या. शालूच्या खांद्यावर हात ठेवला, मुंढा चाचपला आणि म्हणाल्या, "हातांत कसला दोष? उजवी बाही डावीकडे लावलीय आणि डावी उजवीकडे! हे मी शिवलेलं पोलकं नव्हे. खण तोच आहे, पण... कुणी उसवलं हे?"



माझी सुटका त्या पाखरानं केली. इतका वेळ ते चादरीच्या कडेकडेनं आत शिरायला बघत होतं आणि जीव तोडून ओरडत होतं. मुलगा मघापासून आमच्याकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघत होता. तो उठला, अंगणात उतरला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यानं चादर उचलली.

"अहो, नका!" मी आणि सासूबाई एकदमच ओरडलो.

"आई, इकडे ये! शिंपी पक्ष्याचं घरटं! पानं शिवून बांधतो तो!" तो आनंदानं म्हणाला. "पिल्लं आहेत बघ! आणि ह्यांनी वर चादर टाकलीय, गुदमरली असती बिचारी."

सगळे उतरले. फांदी त्यानं अलगद खाली ओढली. त्या शिवलेल्या पानांत, कापसावर, चार चोची आ वासून बसल्या होत्या. आणि ते पाखरू आमच्या डोक्यांवरून मला, होय, मलाच, शिव्या घालत होतं. सगळे उन्हात उभे राहून माना वर करून हसत होते. इतकी गोड पिल्लं होती हो ती, की मलाही क्षणभर सगळं विसरून हसू फुटलं.

आणि सासूबाईंच्या तोंडून निसटलं, "म्हणजे ही करणी नव्हे?"

"कसली करणी?" मुलाच्या आईनं विचारलं.

मग काय, सगळंच बाहेर आलं. करणी, लाल दोरा, पांढरे केस, मिठाचं पाणी. लाल दोरा निघाला मीच मशीनखालचा केर झाडून अंगणात टाकलेला. केस निघाले सासूबाईंचे, रोज दुपारी मागच्या पायरीवर विंचरून टाकलेले. मी सांगत होते आणि ताराकाकू ऐकत होत्या. मला वाटलं, आता ह्या उठून जाणार आणि पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकणार नाहीत.

मुलाच्या आई म्हणाल्या, "अहो, विमलची पत्रिका जुळली नाही, तेव्हा ह्या ताराबाईंनीच तुमच्या शालूचं नाव सुचवलं आम्हाला. अशी मुलगी शोधून सापडणार नाही म्हणाल्या."

त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेले असते. मी सरळ काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं. काकूंनी मला उठवलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा घरट्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या, की त्यांना विहिरीचा काठ धरून बसावं लागलं. "अगं, एवढा बारीक टाका माझा? पाखराएवढा? माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं गं!"

मग डोळे पुसून उठल्या आणि शालूला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं. बाह्या पुन्हा उसवायला घेतल्या.

बाहेर ओटीवर पुन्हा सगळे स्थिरस्थावर झाले. सरबत घेतलं. पंखा पुन्हा सुरू झाला. सासूबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. शेवटी ह्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "मग... आमच्या मुलीबद्दल काय ठरवलंत?"

बाईंनी पंखा खाली ठेवला. "मुलगी पसंत आहे. देणंघेणं काही नको. मानपान नको. पण आमची एक अट आहे, ती मात्र पाळावी लागेल."

हे चाचरत म्हणाले, "सांगा ना. आमच्यानं होईल ते..."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "नवरीचं एकही पोलकं ह्या वहिनींनी शिवायचं नाही."

ह्यांनी तोंड उघडायच्या आतच लोटलेल्या दाराआडून, आठवडाभर लग्नाविषयी तोंडातून शब्द न काढलेल्या आमच्या शालूचा खणखणीत आवाज आला, "मान्य आहे!"