पायाळूची लाथ

मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसानं लाथ मारली की कमरेची लचक जाते, असं आमच्याकडं मानतात. लहानपणी मी अर्धी गल्ली लाथाडलीय; गणिताच्या मास्तरांना तर जरा जास्तच मनापासून.

पुढं डॉक्टर झाले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला लागले. एका सकाळी चंदगडचे मामा एसटीतून उतरून थेट तिथंच हजर. मधुमेह जुना, पथ्य शून्य.

"कंबरंत लचक भरलीया. घाल लाथ, म्हंजे जातो माघारी."

दोन सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. माझी डिग्री नवी, कोटही नवा. मी खुर्चीतून न उठताच गोळ्या लिहिल्या आणि मामांना वाटेला लावलं.

तिसऱ्या दिवशी मामा परत आले. अंगात ताप, चाल लंगडी. वरिष्ठ डॉक्टर लांबूनच म्हणाले, लचकच आहे, इंजेक्शन देऊन टाका. मामांचा हट्ट मात्र लाथेचाच. म्हटलं, घालावी एकदाची आणि सुटावं. पडदा ओढला, चप्पल काढली.

"झोपा पालथे."

मामांना पालथं होताच येईना. उजवी मांडी पोटाकडं दुमडलेली, ती सरळ होईना. कुशीवर वळवून मी पाय हळूच मागं ओढला, तर पोती उचलणारा हा गडी कळवळला. माझं हसू जिरलं. नुसत्या लचकेनं ताप येत नाही. कण्यालगत एक खोल स्नायू जांघेत उतरतो. त्यात पू झाला की पाय असाच आखडतो, आणि वरून काही दिसत नाही. उशीर झाला की विष रक्तात भिनतं. मधुमेह असलेल्याचं मग काही खरं नसतं. मी घाबरले.

वरिष्ठांशी भांडून सोनोग्राफी करून घेतली, मग सीटी स्कॅन. सुई घालून पू काढला, चांगला वाटीभर. मामा वाचले.

वॉर्डात ते ज्याला त्याला सांगत, "पोरीनं नुसती चप्पल काढली, तवर रोग घावला." शेजारच्या खाटेवरचे पावणे तर मला बघून पालथे व्हायला लागले. मीही जरा फुगून हिंडत होते.

एका दुपारी आसपास कोणी नसताना मामा हळूच म्हणाले, "पयल्याच दिवशी घातली असतीस लाथ, तर एवढं झालं नसतं, न्हवं?"

"व्हय मामा," मी म्हणाले. मान वर करून बघायची हिंमत झाली नाही.