मांडवमामा आणि हौदाचे लग्न

वाचक हो, विहीर खणायला बोलावलेल्या मुकादमाने पहिल्याच दिवशी कुदळ न मागता रुसणाऱ्यांची यादी मागितली, तर तुम्ही त्याला शहाणा म्हणाल की खुळा? मी खुळा म्हटले होते. नुसते म्हटले नव्हते, पत्रक लिहून चावडीच्या भिंतीला चिकटवले होते.

या मुकादमाला सगळे अकोला गाव मांडवमामा म्हणत असे. मूळचा हिवरखेडचा. अर्धे आयुष्य त्याने लग्नाचे मांडव घालण्यात काढले होते. विलायतेला वऱ्हाडचा कापूस लागू लागला आणि जिकडेतिकडे वखारी, पडव्या, भिंती उठू लागल्या, तेव्हा लोकांनी मामाला बांधकामावर नेले. पण कामाची रीत त्याला एकच ठाऊक होती, लग्नाची. वखार असो की गोठा, तो आधी कामाची सोयरीक जुळवी, मग साक्षगंध म्हणजे साखरपुडा करी, मग हळद, मग लग्न आणि शेवटी पाठवणी. "यातलं एक गाळलं का कार्यात इघ्न आलंच समजा," असे तो मिशीवर बोट फिरवून सांगे.

आमचे काम हौदाचे होते. सुगीत तेल्हाऱ्याकडच्या कापसाच्या गाड्या अकोल्याच्या मैदानात दोन-दोन दिवस खोळंबत. आसपासच्या चालू विहिरींचे पाणी खारे. मागच्या सुगीत दोन बैल जुवाखालीच बसले ते उठले नाहीत. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि माझ्या पत्रकांना धार होती. तिला भिऊन म्हणा की कंटाळून म्हणा, व्यापाऱ्यांनी दगड-चुना दिला. दिवाळीनंतर पहिली गाडी येण्याआधी विहीर आणि हौद पुरा व्हायचा होता, आणि त्याचे पाणी जातपात न विचारता सर्वांना मिळायचे होते. ही दुसरी अट माझी.

"मास्तर, कोन कोन रुसंन थे सांगा आदी," मामा म्हणाला.

"लोकहिताच्या कामाला कोणाच्या रुसव्याची पर्वा नसते!"

"लोकहितातच तं जास्त रुसतात जी. लग्नात निदान जेवन तरी रायते."

भाचीच्या लग्नासाठी मामा तेल्हाऱ्याला गेला. ही संधी साधून मी तत्त्वाला धरून मैदानाच्या बरोब्बर मध्यभागी विहीर खणायला लावली. मध्य कोणाच्याच मालकीचा नसतो, हे माझे तत्त्व. पाणी लागले. मी काठावर उभा राहून समतेवर भाषण केले आणि पहिली बादली एका बैलापुढे ठेवली. बैलाने ती हुंगली, माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. इतक्या थोडक्यात माझ्या लिखाणाचा समाचार आजवर कोणी घेतलेला नाही.

मामा परतला. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकला. रागावला मात्र नाही. "सोयरीक न पाहता लगन लावलं तुमी. पोरगी खारट निंगाली. आता पुसत फिरा."

मग तो तांब्या घेऊन आसपासच्या विहिरी चाखत हिंडला. तीन दिवस हाच उद्योग. अखेर मैदानाला लागून असलेल्या गंगूबाई माळणीच्या वाडीत त्याने घोट घेतला आणि तो गिळला. वाडीच्या कडेला एक वापरात नसलेली विहीर होती, तिचे पाणी गोड होते.

पण गंगूबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "आठ दिस माह्या कुंपनासमोर खंदून राह्यले. मले कोनी पुसलं? आता गोड पानी पाह्यजे त गंगूबाई आठोली काय? आन् कावून जी मास्तर, तुमच्या कागदात त 'सर्व लोक' लिहलं व्हतं. मी लोकात नाई काय?"

मी खिशातले पत्रक काढून ते दोन शब्द पुन्हा वाचले. मामा माझ्या कानाशी म्हणाला, "व्याही रुसला का नवरदेवाच्या बापाले जा लागते. जा."

मी गेलो. गंगूबाईने मला दिवसभर मोट हाकायला लावली. संध्याकाळी हाताचे फोड पाहून ती म्हणाली, "आता मास्तरले पान्याचं वजन समजलं," आणि विहीर दिली. मामाने लगेच पाच माणसांसमोर साक्षगंध उरकला. मोट गंगूबाईची, हौद सर्वांचा, सांडलेले पाणी तिच्या वांग्यांना. हे सगळे त्याने प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतले. कुजबुजत कबूल झालेला माणूस, त्याच्या मते, कबूल झालेलाच नसे.

हौद बांधून झाला आणि मामाने खरोखरच हळद मागवली. मला वाटले, आता मात्र याचे डोके फिरले. त्याने हौद भरून पाण्यात हळद कालवली आणि बाहेरच्या बाजूला बसून राहिला. दुपारी एका सांध्यातून पिवळी रेघ उतरली. गवंडी चिडला. मामा त्याला म्हणाला, "रागावू नको रे बाबा. आज हळद पाझरली त आपनच पाह्यलं. उद्या पानी पाझरंन त सारं मैदान पाहीन." सांधा पुन्हा चुन्याने भरला.

दिवाळी झाली, गाड्या आल्या. लग्नाचा दिवस! आणि नेमका तेव्हाच एका अडत्याचा माणूस पुढे आला. गावकुसाबाहेरच्या गाडीवानांनी या हौदाला हात लावायचा नाही, म्हणाला. तहानलेला एक म्हातारा गाडीवान पुढे केलेला तांब्या मागे घेऊ लागला. मी खिशातून भाषण काढले. मामाने माझा हात दाबला आणि गंगूबाईकडे पाहिले.

तिने मोट थांबवली. "पाच मानसासमोर 'सर्वाईचा' म्हनले व्हते, आन् तुहा मालकई त्यात व्हता. त्याले पटत नसंन त मोट बंद. मंग त्याचे बैलई तहानले राह्यतीन." तिने म्हाताऱ्याला हाक मारली, "ओ बाबा, भरा तांब्या."

म्हाताऱ्याने तांब्या बुडवला. आधी बैलाला पाजले, मग स्वतः प्याला. मग अडत्याच्या माणसानेही आपले बैल सोडून आणले. भाषण माझ्या हातात तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मामाने गाठोडे बांधले. अमरावतीला नव्या वखारीची सोयरीक चालली होती. मी म्हणालो, "मामा, सुगी संपेपर्यंत तरी थांबा. काही बिघडले तर?"

"पोरगी सासरी गेली जी. बापानं तिथंच खाट टाकली त तिचा संसार कवा व्हईन?" दोर कोण बदलेल, गाळ कोणाची पाळी असताना निघेल, हे त्याने गंगूबाईकडून आणि गाडीवानांकडून म्हणवून घेतले, आणि अमरावतीच्या गाडीत चढला. वळून पाहिले नाही. तो मला पुन्हा भेटला नाही. तिकडेच कोठे तापाने गेला, असे पुढे कानावर आले.

पुढच्या उन्हाळ्यात 'जागे व्हा, गाळ काढा' असे जळजळीत पत्रक घेऊन मी हौदावर गेलो. हौद तळापर्यंत धुतलेला होता. तो म्हातारा गाडीवान आपली पाळी संपवून पाय धूत होता. मी पत्रक घडी करून ठेवले आणि मनातल्या मनात मामाला नमस्कार केला.

म्हणून वाचक हो, एवढे करा. तुमच्या गावात सर्वांसाठी बांधलेली विहीर, धर्मशाळा, शाळा जे काही असेल, तेथे या आठवड्यात जा. बांधणाऱ्याचे नाव दगडावर असेलच, ते वाचू नका. तिथला गाळ कोण काढतो, कचरा कोण लोटतो, ते विचारा. त्या माणसाला भेटा, आणि त्याची पुढची एक पाळी तुम्ही घ्या.