आपलं शून्य

कारखान्यात सगळे त्याला छिन्नी म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं. पितळेच्या पाटीवर छिन्नीने अक्षरं कोरण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि उजव्या अंगठ्याखालचा घट्टा नखाइतका टणक झाला होता. पन्नाशी उलटल्यावर मालकाने कोरणी मशीन आणलं आणि त्याला सांगितलं, शिक. तो रुसला. रुसूनच शिकला. रुसून शिकलेलं पक्कं बसतं. पुढे त्या मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही, कारण हा लावू देत नसे.

मशीनला स्वतःचं डोकं नाही. शेजारचा कॉम्प्युटर तारेतून सांगतो, तसं ते कोरतं. तो कॉम्प्युटर विजेच्या झटक्याने गेला. मालकाने दुसरा आणला, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. त्याला मागे तारेची दोन भोकं होती, एक मशीनसाठी, एक बाहेरच्या लाइनीसाठी. पण कुठल्या भोकाने कुणाशी कसं बोलायचं हे त्याला एका फाइलीत लिहून द्यावं लागे. खिडकी उघडून टिचकी मारायची सोय नाही. कोरी फाइल, त्यात ओळीखाली ओळ लिहायची, अक्षर चुकलं तर काम बंद.

आणि दवाखान्याच्या दारांवरच्या पाट्या अडून बसल्या होत्या.

सकाळीच मालक येऊन उभे राहिले. "संध्याकाळी मशीनवाल्या कंपनीचा माणूस येतोय. त्याने चालू केलं, तर इथून पुढे त्यांचाच माणूस मशीन चालवेल. तू पॉलिशच्या टेबलावर ये."

"पॉलिशच्या?"

"सावलीतलं काम आहे. बसून."

"म्हातारा झालास असं सरळ म्हणा ना मालक."

"सरळच म्हणतोय."

मालक गेले. पॉलिशच्या टेबलावर एकच बाई काम करायची, तिने मान वर केली. "या दादा. जागा पुसून ठेवते."

छिन्नीने खिशातून बटणांचा फोन काढला आणि भाचीला लावला. बहिणीची ही मुलगी दुसऱ्या गावी एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळायची. तिनेच आदल्या दिवशी फोनवरून त्याच्याकडून ती फाइल लिहून घेतली होती. बाहेरची लाइन चालू झाली होती. मशीनची होत नव्हती.

"मामा, मशीनची जोडणी चालू करायची आज्ञा दे बरं. काय म्हणतंय?"

"म्हणतंय, असं काही सापडत नाही."

"म्हणजे फाइलीत त्या भोकाचं नाव चुकलंय. वाच."

"ई, टी, एच, ओ."

"ओ? ओ नाही रे मामा, शून्य. नावाच्या शेवटी शून्य असतं."

"पडद्यावर यादी दिसली त्यात गोल होता. गोल म्हणजे ओ."

"तो गोल म्हणजे शून्य. फाइलीत ते नाव दोनदा आहे, दोन्ही ठिकाणी बदल. ओ काढ आणि आपलं शून्य टाक. मला मीटिंगला जायचंय, ठेवते."

छिन्नीने दोन्ही ओ खोडले. मग आडव्या पट्टीजवळची कळ दाबून कीबोर्ड मराठीवर नेला, शून्य टाकलं, खालच्या ओळीत टाकलं, आणि कीबोर्ड परत इंग्रजीवर आणला. ही कळ त्याच्या हाताला दिवसभर लागायची. पाटीवर नाव मराठीत, खाली फोन नंबर इंग्रजीत. गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न असे, "आकडे आपले की इंग्रजी?" आपले म्हणजे मराठी. त्याच्या धंद्यात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

त्याने फाइल सेव्ह केली, आज्ञा दिली. सापडत नाही.

पुन्हा दिली. सापडत नाही.

मग त्याचं डोकं फिरलं. बाहेरची लाइन चालते, तीही याच फाइलीत लिहिलेली, याच हाताने. म्हणजे लिहिणं बरोबर आहे. मग खोट तारेत. त्याने तार काढली, टोकं पुसली, फुंकली, परत खोचली. नाही. कोपऱ्यातल्या पेटीतून दुसरी तार शोधली, ती आखूड निघाली, म्हणून एवढं जड टेबल एकट्याने सरकवलं. कुणाला हात लाव म्हटलं नाही. नाही. मशीनचं मागचं झाकण उघडलं, स्क्रू ओळीने मांडले, आत धूळ दिसली.

"ही धूळ तुमच्या पॉलिशची," तो बाईला म्हणाला.

"माझी धूळ ओळखता तुम्ही? कौतुक आहे."

"मशीन मेलं तर मग हसा."

"मेलं तर तुम्ही माझ्या शेजारी येणार. मी कशाला हसू?"

धूळ साफ केली, झाकण लावलं. सापडत नाही. घाम गळून चष्म्यावर आला. एवढी मेहनत त्याने छिन्नीने केली असती तर निम्मा दवाखाना कोरून झाला असता, आणि कोरलेलं दिसलं तरी असतं. इथे करा तेवढं करा, पडदा तेच वाक्य फेकतो. माणूस चुकला तर पितळ ओरखडा दाखवतं. हा डबा नुसता नाही म्हणतो, आणि कशाला नाही म्हणतो ते सांगत नाही.

जेवणाच्या सुट्टीत जेवण तसंच ठेवून त्याने परत भाचीला फोन लावला.

"मामा, वाच."

"ई, टी, एच, शून्य."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे. मी काय आंधळा आहे?"

"चिडू नकोस. खाली मशीनच्या पत्त्याचे आकडे आहेत, ते वाच."

त्याने पत्त्याचे सगळे आकडे वाचले. बरोबर होते. तिने ओळीन् ओळ वाचून घेतली, मधली रिकामी जागासुद्धा विचारली. सगळं बरोबर.

"अरे, मग चालू व्हायला पाहिजे," भाची म्हणाली. तिचाही आवाज आता चढला. "तू मध्येच काहीतरी बदललंस. नेहमीचं आहे तुझं. आई म्हणते तसं, हात लावल्याशिवाय तुला राहवत नाही."

"तुझ्या आईला म्हणावं, स्वतः येऊन कर."

"मामा, फोटो पाठव. डोळ्यांनी बघते."

"माझ्या फोनला कॅमेरा नाही."

"दुसऱ्या कुणाकडे असेल की."

"कुणाकडे नाही," तो म्हणाला. चार पावलांवर बाई जेवत होती, आणि तिचा मोठा पडद्याचा फोन डब्याला टेकवलेला होता. "दादा, पडद्याचा फोटो काढून भाचीला पाठवू का?" असं तिने सकाळीच विचारलं होतं, आणि "तुमचं तुम्ही घासा" हे त्याचं उत्तर होतं.

त्याने सबंध फाइल पुसली आणि पहिल्यापासून लिहिली. सावकाश, एकेक कळ. नावाशी आला की कीबोर्ड मराठीवर, शून्य, परत इंग्रजीवर. कष्टात कसूर नव्हती. चूकही तितक्याच निगुतीने दुसऱ्यांदा झाली.

सापडत नाही.

उन्हं कलली. मालक दारातून डोकावले आणि मशीनकडे बघून गेले. छिन्नी स्टुलावर बसला. मग उठला, पॉलिशच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला आणि पितळेच्या पाटीकडे बघत म्हणाला, "फोटो काढता का?"

बाईने हात पुसले. "आता कसं बोललात."

तिने पडद्याचा फोटो काढला, आणि नंबर विचारून भाचीला पाठवला. लगेच बाईचाच फोन वाजला. तिने तो त्याच्या कानाला लावला.

"मामा, हे शून्य कुठून आणलंस?"

"कीबोर्डावरून."

"हे मराठी शून्य आहे!"

"तूच म्हणालीस, आपलं शून्य टाक."

"मामा, आपलं म्हणजे... आपलं म्हणजे काही नाही. बोलण्यात येतं ते. आपलं साधं शून्य, असं."

"तसं म्हणायचं मग."

"अरे, इंग्रजी फाइलीत मराठी शून्य कोण टाकतं?"

"ज्याला सांगतात तो."

पण तिच्याशी भांडताना तो पडद्याकडे बघत होता, आणि आता त्याला दिसत होतं. आपलं शून्य बसकं आणि गोल, इंग्रजी उभट. दोन्ही त्याने हजारो वेळा कोरली होती. नव्या पोरांना या फरकावरून त्याने फैलावर घेतलं होतं. आणि सबंध दिवस ते नाकासमोर असताना तो तारा पुसत बसला. भाचीवर काढायचा राग तिथेच अडकला.

त्याने दोन्ही शून्यं बदलली. आज्ञा दिली. पडदा काहीच बोलला नाही, नुसती पुढची ओळ आली, आणि मशीनवरचा हिरवा दिवा लागला.

"काखेत कळसा," बाई म्हणाली.

"पुढचं मला येतं," तो म्हणाला.

पहिली पाटी लावून मशीन कोरायला लागलं तेव्हा मालक कंपनीच्या माणसाला घेऊन आत आले. त्या माणसाने बॅग खाली ठेवली, फिरणारी सुई पाहिली. "चालतंय की," म्हणाला आणि बॅग परत उचलली. त्याला पोचवून मालक एकटे परत आले.

"काय झालं होतं?"

तार म्हणाला असता तर चाललं असतं. तार बदललीही होती. पण बाई ऐकत होती.

"शून्य मी मराठी टाकलं होतं. फोटो बघून भाचीने सांगितलं."

मालकांनी ते पचवलं. "म्हणजे बिघाड मशीनचा नव्हता."

"नव्हता."

"आणि फोटो कुणी काढला?"

छिन्नीने मानेने बाईकडे खूण केली.

"सकाळी का नाही काढला?"

छिन्नी चष्मा पुसायला लागला. मालकांनी तयार पाटीवरून बोट फिरवलं. "मशीनवर तूच राहा. पण एकट्याच्या हातात आता ठेवणार नाही मी. उद्यापासून बाईंना शिकवायचं. फाइलीसकट."

"मालक, त्यांना पॉलिशचं..."

"पॉलिश दोघं मिळून करा."

मालक गेले. छिन्नीने टेबल परत भिंतीला लावायला घेतलं. ते सकाळपेक्षा जड झालं होतं. बाई येऊन दुसऱ्या टोकाला उभी राहिली. त्याने काही वेळ तसंच ओढून पाहिलं, मग म्हणाला, "धरा."

टेबल बसलं. तो स्टुलावर बसला, पायाने दुसरं स्टूल तिच्याकडे ढकललं.

"बसा. बघायचं फक्त. हात लावायचा नाही."

"उद्यापासून म्हणाले ना मालक?"

"बसायचं तर बसा," छिन्नी म्हणाला आणि दुसरी पाटी मशीनमध्ये कसली.