काकूची उजळणी

लग्न होऊन आल्यापासून त्या घरातलं सगळं ललिताबाईच्या हातून चालायचं. धानाच्या रोवणीला बाया बोलावणं, गाईचं दूध, सासूचं औषध. मुलगी उर्वशी तर तिला विचारल्याशिवाय वेणीची रिबीनही घ्यायची नाही. मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ डिंपल नाकाडोंगरीजवळच्या या गावात आली. तुमसरच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झालेली.

उर्वशी दहावीत गेली तशी डिंपल संध्याकाळी तिची इतिहास-भूगोलाची उजळणी घेऊ लागली. शेजारच्या पोरीही येऊ लागल्या. घरापुढची सपरी भरून जायची. ऑलिंपिक ग्रीसमध्ये कसं सुरू झालं हे सांगताना डिंपल पोरींना तुळशीपर्यंत पळायला लावायची आणि जिंकलेलीच्या डोक्यावर कडुलिंबाची डहाळी गुंडाळायची. निवडणूक शिकवायची तर पोरी उमेदवार व्हायच्या, चिठ्ठ्यांनी मतदान व्हायचं आणि निवडणूक आयोग म्हणून सासू चंद्रभागाबाई खुर्चीवर बसायच्या. म्हातारीही खूश.

ललिताबाई आत चुलीशी. बाहेरचं हसू ऐकलं की आपल्याला वगळून सगळे हसताहेत असं तिला वाटायचं. आठवीनंतर तिची शाळा सुटली होती. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटू लागलं, तेही डिंपलकडे बघून.

एकदा ती बाहेर आली तर गोठ्यावरच्या वेलीचा कोहळा उर्वशीच्या हातात तिरपा धरलेला. त्यावर कोळशानं विषुववृत्त काढलेलं, वर भारत, खाली ब्राझील. समोर एक पोरगी टॉर्च घेऊन सूर्य झाली होती.

"आई, पाह्य ना! आपल्याकडे थंडी असते तवा ब्राझीलमध्ये उन्हाळा. काकूनं आता समजावलं."

"वड्यांसाठी ठेवला होता तो. काहून तोडला?"

डिंपल ओशाळली. "चुकलं ताई. धुऊन देतो."

"राहू दे. आता तू जग धुतं का?"

पोरी हसल्या. ललिताबाई हसली नाही.

जेवणं झाल्यावर ती सासूजवळ बसली. "आत्याबाई, सांजचा सैपाक डिंपलकडे द्या. माही कंबर लय दुखून राहिली." कंबर अजिबात दुखत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून उजळणी बंद पडली. पोरी दारापर्यंत येऊन परत गेल्या. ललिताबाईनं उर्वशीला जवळ बसवलं. "आण पुस्तक. मी घेतो." ती स्वाध्यायातला प्रश्न वाचायची, उर्वशी उत्तर म्हणायची, आणि ललिताबाई शब्दाला शब्द जुळवून बघायची. मुलगी पुन्हा आपल्या मांडीशी आली, एवढंच तिला पुरेसं होतं.

"आई, लोकसभा बरखास्त होते, मंग राज्यसभा काहून नाही होत?" उर्वशीनं एकदा विचारलं.

ललिताबाईनं पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं. "लिहिलं हाय ना? पाठ कर."

उर्वशीनं एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. ती नजर ललिताबाईला झोंबली.

सराव परीक्षेचा पेपर घरी आला तेव्हा भूगोलाचे अर्धे प्रश्न कोरेच होते. कारणं द्या, फरक स्पष्ट करा, सगळे सोडलेले. उर्वशीनं कुणाला दोष दिला नाही. पेपर दप्तरात ठेवला आणि गाईला पाणी पाजायला गेली. तिनं भांडण केलं असतं तर ललिताबाईला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी ललिताबाईनं डिंपलच्या हातातून लाटणं घेतलं. "जा, पोरीईले बोलाव."

"तुमची कंबर, ताई?"

"बरी झाली."

डिंपलनं पदराला हात पुसले आणि गेली. हिला सगळं कळलेलं आहे, ललिताबाईच्या मनात आलं. आणि कळूनही ती काही बोलत नाही, याचा तिला वेगळाच राग आला.

उजळणी परीक्षेपर्यंत चालली. ललिताबाईचा जळफळाट कमी झाला नाही. हसण्याचा आवाज वाढला की तिच्या हातून भांडी जरा जोरात आदळायची. पण स्वयंपाक तिनं पुन्हा डिंपलकडे दिला नाही.

निकाल मोबाईलवर आला. उर्वशी ओरडतच उठली, "काकू, इतिहास-भूगोलात सगळ्यात जास्त!" आणि दोन्ही हात पसरून डिंपलकडे धावली. डिंपलनं तिचे खांदे धरले आणि हळूच म्हणाली, "आधी आईच्या पाया पड."

तिनं आवाज खाली ठेवला होता, तरी ललिताबाईला ऐकू आलं.

उर्वशी वळली, पाया पडली, गळ्यात पडली. ललिताबाईनं तिला घट्ट धरलं. पोरीचं ऊन अंग छातीशी होतं, आणि तेही त्या दुसरीनंच पाठवलेलं. तिला रडू आलं. ते आनंदाचं आहे असं सगळ्यांना वाटलं.

मग तिनं साखरेचा डबा काढला. उर्वशीच्या तोंडात साखर घातली, सासूला दिली. शेवटी डिंपलसमोर येऊन उभी राहिली.

"घे," म्हणाली. त्याहून जास्त तिला बोलवेना.