कळंब्याच्या काठावर हरवलेलं कानाचं यंत्र

पुण्याहून कोल्हापूरला जाताना रेल्वेतून रुकडीजवळच्या पुलावर पंचगंगा दिसली आणि माझ्या बायकोने, सुनंदाने, खिडकीतूनच हात जोडले. काठच्या झुडपांना लटकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही दिसल्या. "लोकांना अक्कल म्हणून नसते," मी पुणेकराच्या अधिकाराने बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाऊन कळंबा तलावाकडे निघालो. रिक्षावाले म्हणाले, "तळं झ्याक हाय पावणं (पाहुणे), पन फोटो जरा वरच्या बाजूचा काढा. खाली कचरा हाय."

तलाव खरंच सुंदर होता. सुनंदा पक्षी बघत पुढे गेली आणि मी बांधावर बसून भडंग (लसणाचे खमंग चुरमुरे) संपवलं. वाऱ्यात माझं कानाचं यंत्र शिट्टी मारतं. ते काढलं आणि सदऱ्याला खिसा नाही म्हणून क्षणभर रिकाम्या पुड्यात ठेवलं. तेवढ्यात सुनंदाने हात हलवून बोलावलं. मी उठलो, पुडा चुरगळला आणि झुडपात भिरकावला. अगदी सवयीने.

अर्ध्या तासाने सुनंदा काहीतरी विचारत होती आणि मला नुसते तिचे ओठ हलताना दिसत होते. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

धावत परतलो, तर झुडूप स्वच्छ! जवळच एक बाई पोत्यात कचरा भरत होत्या.

"ओ पावणं, काय हुडकताय?"

कोल्हापुरी आवाज यंत्राशिवायही ऐकू येतो. मी सगळं सांगितलं.

"टाकलं कुनी?"

"मीच."

"मग हुडकायचं बी तुम्हीच की!"

त्यांचं नाव अक्काताई. त्यांनी तीन पोती ओतली आणि स्वतःचा एक हातमोजा मला दिला. "दमानं. काचा हायत. मी रोज कापून घेतो." (इथल्या बायका स्वतःबद्दल 'मी करतो' असंच बोलतात.) त्यांच्या बोटांवर आडव्यातिडव्या पांढऱ्या खुणा होत्या.

गुटख्याच्या पुड्या, वाढदिवसाच्या केकचे खोके, कुणाचं तरी वापरलेलं डायपर. सुनंदा पदर खोचून शेजारी बसली. भडंगाचे पुडेच कितीतरी निघाले. एकेक उलगडत होतो. अखेर तिसऱ्या ढिगात एक पुडा जड लागला.

यंत्र कानात घातलं आणि पहिलं ऐकू आलं ते अक्काताईंचं हसू. "गावलं न्हवं? आता पोती भरून कचऱ्याच्या गाडीपातूर न्या."

नेली.

दुपारी तांबडा रस्सा समोर आला. तीनदा हात धुऊनही बोटांचा वास जाईना, म्हणून मी चमच्याने जेवलो. अक्काताई याच वेळी भाकरी खात असतील, असं मनात आलं.

परतीच्या गाडीत समोरच्या गृहस्थांना ही फजिती मी चांगली रंगवून सांगितली. पोट धरून हसले ते. हसत हसतच त्यांनी चहाचा रिकामा कप खिडकीबाहेर टाकला.

मी कोणत्या तोंडाने बोलणार? पण साताऱ्यापर्यंत एक गोष्ट टोचत राहिली. हसवण्याच्या नादात मी त्यांना अक्काताईंची बोटं सांगितलीच नव्हती.

म्हणून ती फजिती पुन्हा पहिल्यापासून सांगितली, त्या बोटांसकट. या वेळी ते हसले नाहीत.