शुद्ध प्रत

चिंचवडच्या उद्धवरावांनी आपल्या प्रकाशनाचं नाव 'औत ग्रंथमाला' ठेवलं, तेव्हाच मी म्हटलं होतं की लोक नांगराची चौकशी करायला येतील. आलेच. दोघे-तिघे फाळ केवढ्याला म्हणून विचारून गेले. उद्धवराव हसले नाहीत. शेतकऱ्याच्या पोरानं लिहिलेलं शेतकऱ्याच्याच घरात वाचलं गेलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं. घरच्या कांदाचाळीत अर्ध्या भागात कांदे, अर्ध्यात पुस्तकं. छपाई पुण्यात, बांधणी घरी, त्यासाठी खळ शिजवायच्या त्यांच्या पत्नी यशोदाबाई, आणि विक्री चाकणच्या बाजारात, सायकलच्या कॅरिअरवरून. पुण्याचे दुकानदार त्यांचं पुस्तक उघडण्याआधी हुंगून बघायचे. असला उद्योग शहाण्या माणसानं करू नये. मला त्यांचा राग यायचा, आणि रोज संध्याकाळी मी त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसायचो.

छप्पन्न साली भोसरीचा ज्योतीराम छातीच्या दुखण्यानं गेला. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता तेव्हा तो तिथे गवंड्याच्या हाताखाली होता. जेवणाच्या सुट्टीत मिळेल त्या कागदाच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं गोष्टी लिहायचा. त्या कागदांचं गठुळं उद्धवरावांच्या हाती आलं आणि त्यांनी मला ओट्यावर बसवून त्यातलं वाचून दाखवलं. वाचता वाचता हसत होते, मग डोळे पुसायला लागले. ज्योतीराम भोसरीत जसा बोलायचा तसाच कागदावर बोलला होता. एका गोष्टीत घर सोडून निघालेला मुलगा आईला म्हणतो, "आये, माजी वाट बगू नगं." ते वाक्य उद्धवराव पुढे आठवडाभर पुटपुटत होते.

ज्योतीरामची आई सोजराबाई भोसरीत एकटीच राहायची. नवरा आधीच गेलेला, दुसरं मूल नाही, आणि आता अंथरुणाला खिळलेली. अक्षरओळख नव्हती. उद्धवराव भेटायला गेले तेव्हा तिनं एवढंच मागितलं.

"बिगीबिगी छापा, दादा. त्याचं बोलनं एकडाव कानावर पडलं की मी सुटले."

आता ते अक्षर छापखान्यात कुणाला लागण्यासारखं नव्हतं. म्हणून उद्धवरावांनी गठुळं इंदुताईंकडे दिलं. इंदुताई मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, मोत्यासारखं अक्षर. वर चिठ्ठी होती, 'कृपया शुद्ध प्रत करून द्यावी.' छपाईच्या धंद्यात शुद्ध प्रत म्हणजे खाडाखोड नसलेली, स्वच्छ उतरवलेली प्रत. एवढंच.

त्याच आठवड्यात उद्धवरावांना विषमज्वर झाला. माणूस हाती लागतो की नाही अशी पाळी आली. तापात एकच घोकत होते, पुस्तक थांबवू नका. यशोदाबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे इंदुताईंनीच पुण्याला खेपा घातल्या, मुद्रितं तपासली आणि पुस्तक छापून आणलं. उद्धवराव काठी टेकत उभे राहिले आणि पहिली प्रत न उघडताच म्हणाले, आधी सोजराबाई. आम्ही टांगा करून भोसरीला गेलो. त्यांच्या आवाजात जोर नव्हता, म्हणून घर सोडणाऱ्या मुलाची ती गोष्ट काढून वाचायला मी बसलो.

"आई, माझी प्रतीक्षा करू नकोस."

मी थांबलो. उद्धवरावांनी पुस्तक ओढून घेतलं. पानामागून पान उलटत होते आणि सगळीकडे तेच. 'न्हाई'चं 'नाही' झालेलं, 'हाय'चं 'आहे'. गवंडी, गुराखी, बाजारातल्या बायका, सगळे शाळामास्तरासारखे बोलत होते.

सोजराबाई छताकडे बघत पडली होती. "ह्यो कोन म्हनायचा?" तिनं विचारलं.



इंदुताईंकडे मी भांडायच्या तयारीनंच गेलो. पण भांडणार कुणाशी? त्या आनंदानं सांगत होत्या, एकेक ओळ शुद्ध केली हो, गेलेल्या मुलाला कुणी गावंढळ म्हणायला नको. मूळ कागद कुठे आहेत म्हटलं, तर म्हणाल्या, प्रत झाली, मग ते बंबात घातले. बाई तेव्हाही हसतच होत्या. मला त्यांना खरं सांगवलं नाही, आणि अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

उद्धवरावांनी हाय खाल्ली, पण एक वेड घेतलं. छापलेल्या पुस्तकात आईकडूनच मुलाचे शब्द भरून घ्यायचे. अंगात त्राण नसताना रोज भोसरी गाठायची, शेजारी बसून एकेक वाक्य वाचायचं आणि विचारायचं, ज्योतीराम हे कसं म्हणाला असता? सुरुवातीला सोजराबाईला हुरूप आला. ती सांगायची, उद्धवराव ओळीच्या वर पेन्सिलीनं लिहायचे. दोन गोष्टी अशा सुधारल्या. तिला वाक्य लवकर आठवलं नाही की ती म्हणायची, परत वाचा. ते परत वाचायचे. पुन्हा परत वाचायचे. एकेक वाक्य दहा-दहा वेळा त्या खोलीत घुमायचं.

हळूहळू तिची उत्तरं लांबायला लागली. एक दिवस मी सोबत होतो. आई आणि मुलाची ती गोष्ट आली. उद्धवरावांना खरं वाक्य पाठ होतं, तरी ते त्यांना तिच्याच तोंडून हवं होतं. त्यांनी छापील ओळ वाचली आणि वाट बघत बसले.

"आई," सोजराबाई म्हणाली, "माझी प्रतीक्षा..." आणि घाबरून गप्प झाली.

उद्धवरावांनी घाईघाईनं खरं वाक्य सांगितलं. आये, माजी वाट बगू नगं. असंच ना?

तिनं मान हलवली. "ह्यो तुमचा आवाज, दादा. त्याचा यीना. डोळं मिटलं तरी आता पुस्तकवालाच बोलतोय."

उद्धवरावांनी पेन्सिल खाली ठेवली. सोजराबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि आम्हाला म्हणाली, आता कुनी काय वाचू नगा.